दोराला कुणी विचारलंच नाही

"ज्या दिवशी माणसाने पहिल्यांदा पुस्तकाचा सिनेमा केला, त्या दिवशी संस्कृतीची उतरण सुरू झाली," ताई म्हणाल्या.

हे विधान चष्म्याच्या दुकानात, दुपारी सव्वाबाराला, एका पेन्शनर गृहस्थांच्या नाकावर नवी फ्रेम बसवताना करण्यात आलं. गृहस्थांनी क्षणभर संस्कृतीचा विचार केला आणि डावी दांडी कानामागे टोचते आहे, असं सांगितलं. ताईंनी फ्रेम काढली, दांडीचं टोक गरम हवेवर धरून मऊ केलं, अंगठ्याने केसभर वाकवलं आणि फ्रेम परत बसवली. आता बरं वाटतं, असं गृहस्थ म्हणाले. संस्कृतीचं मात्र इतक्यावर भागण्यासारखं नव्हतं.

ताई या दुकानात एकोणीस वर्षं होत्या. दुकानात त्या मॅडम, घरी भावाच्या मुलीच्या आत्या आणि वहिनीच्या वन्सं. पण 'ताई' म्हणून त्यांना ओळखणारी माणसं चार हजारांच्या वर होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. ही सगळी माणसं 'रत्नपारखी' नावाच्या फोनवरच्या गटात होती. गट ताईंनी सुरू केलेला. त्यात शिरायला एकच अट होती : माणसाने एक कादंबरी वाचलेली असावी, आणि ती वाचून झाल्यावर त्याला दुसरं काही वाचावंसं वाटू नये.

कादंबरी समुद्रमंथनावर होती. कुमारांसाठी म्हणून लिहिलेली, पण तिचे कुमार आता चाळिशीला आले होते. देव एका बाजूने ओढतात, दानव दुसऱ्या बाजूने, मधे डोंगराची रवी आणि तिला गुंडाळलेला वासुकी नाग, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या वासुकीला तेरा वर्षांची एक मुलगी असते, हे फक्त या कादंबरीला माहीत होतं. बाप सकाळी कामाला म्हणून गेला तो घरी आलाच नाही, तेव्हा मुलगी त्याला शोधायला निघते आणि बघते तर लोकांनी त्याचा दोर केलेला. मग पाच खंड ती त्याला सोडवत असते. चौदा रत्नं येतात नि जातात. पंधरावं रत्न म्हणजे काय, ते शेवटच्या खंडात कळतं, आणि ते बाहेर कुणाला सांगायचं नाही अशी रत्नपारख्यांची शपथ असल्यामुळे इथेही सांगत नाही.

अशा पुस्तकावर सिनेमा येणार म्हटल्यावर गटात दुखवट्याचं वातावरण पसरलं. दीड मिनिटाची झलक आली, तिच्यात एकतीस चुका निघाल्या. समुद्र पुस्तकात शिशाच्या रंगाचा, इथे निळा. डोंगर पुस्तकात डावीकडे कललेला, इथे सरळ. डोंगराखालचं कासव पुस्तकात नऊ प्रकरणं तोंड उघडत नाही, इथे ते येता येताच गातं. एका सभासदाने लिहिलं की कासवाचं गाणं ऐकल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरलेला नाही. तिसऱ्या दिवशी उतरला असावा, पण ते त्याने लिहिलं नाही. दुसऱ्या एकाने सिनेमावर बहिष्कार पुकारला आणि खाली विचारलं, पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला कोण कोण येतंय.

सगळेच येत होते. सिनेमा वाईट आहे हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

ताई भाचीला घेऊन गेल्या. भाची चौदा वर्षांची, पुस्तक न वाचलेली. घरात त्या पुस्तकाच्या चार प्रती होत्या, पण त्या ताईंच्या कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टणात, आणि त्यांना हात लावायची प्राज्ञा नव्हती. थेटरात रत्नपारख्यांची अख्खी रांग वही, पेन आणि छोटी बॅटरी घेऊन बसली होती. पडद्यावर अंधार झाला की रांगेत एकदम काजवे चमकायचे. मागच्या रांगेतल्या एका बाईने शेवटी, तुम्ही सगळे इन्कमटॅक्सवाले का, असं विचारलं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. बाप घरी येतो. पाठ सोलवटलेली, डोळे विझलेले. मुलगी दारात उभी. कुणी कुणाला मिठी मारत नाही, पार्श्वसंगीतही नाही. बाप एवढंच विचारतो, "अजून जागीच?" भाचीला हुंदका आला. ताईंनी वहीत लिहिलं : 'क्रमांक ८८. असला प्रसंग पुस्तकात नाही.' त्या ओळीवर पाण्याचा एक थेंब पडलेला नंतर दिसला. थेटरचं वातानुकूलन गळत असावं.

बाहेर पडल्यावर भाची म्हणाली, मस्त होता सिनेमा. रांगेतल्या सत्तावीस माणसांनी तिच्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. ताई रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचे चार दिवसही नाहीत.

चुका एकशे त्रेचाळीस निघाल्या. पण खरा घाव एकच होता, आणि तो थेटरच्या पायऱ्यांवरच डॉक्टरांनी जगाला दाखवला. डॉक्टर म्हणजे दाताचे डॉक्टर, गटातले ताईंच्या खालोखालचे मानकरी. एरवी मऊ बोलणारा माणूस. हिरडीत सुई टोचतानाही 'मुंगी चावेल हं' म्हणणारा. त्यांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत चढवली. हातावर कायमचं गोंदलेलं होतं :

'अमृत ओढणाऱ्यांना मिळालं. दोराला कुणी विचारलंच नाही. पान १८७.'

"ही ओळ नाही सिनेमात," डॉक्टर म्हणाले. आवाज फुटला त्यांचा. "कासवाला गाणं आहे. ही ओळ नाही."

लोकांनी माना खाली घातल्या. ही ओळ लग्नपत्रिकांवर छापली गेली होती. एका कामगार संघटनेच्या फलकावर चढली होती. एका सभासदाने राजीनाम्यात वापरली होती, आणि साहेबांनी तो ताबडतोब मंजूर केला होता. दिग्दर्शकाला पंधरावं राहू दे, चौदावं रत्न दाखवायला हवं, असं पायऱ्यांवर एकमताने ठरलं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ताई ती कुणालाच सांगू शकत नव्हत्या. ती ओळ पुस्तकात नाही. पान १८७ वर नाही, कुठल्याच पानावर नाही. ती ताईंनी लिहिली होती.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच एका रिकाम्या दुपारी, फडक्याने लेन्सा पुसता पुसता ती त्यांना सुचली. वासुकीची मुलगी असं काही म्हणाली असती, असं वाटून त्यांनी गटात टाकली. तेव्हा गटात सतराच माणसं होती. कुणीतरी विचारलं, वा, हे कुठल्या पानावर? समोर एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचं पाकीट पडलं होतं, त्यावरचा नंबर ताईंनी ठोकून दिला. उद्या सांगू की गंमत केली. उद्या बघतात तो ओळ गटाबाहेर चाळीस ठिकाणी पोचलेली. परवा एका बाईने लिहिलं की वडील गेल्यापासून आज पहिल्यांदा रडू आलं. आता गंमत म्हणून सांगायची सोय उरली नाही.

मग अकरा वर्षांत एकानेही पुस्तक उघडून पाहिलं नाही का? पाहिलं ना. पुष्कळांनी पाहिलं. पान १८७ वर त्यांना समुद्रतळाच्या खेकड्याचं पानभर चित्र दिसलं. पण चार हजार लोकांना पाठ असलेली ओळ आपल्याला सापडत नाही, हे कबूल कोण करणार? प्रत्येकाने आपली आवृत्ती हलकी निघाली असं समजून पुस्तक हळूच मिटलं. डॉक्टरांनी तर मिटून हात गोंदवला.

तेव्हा आता ताईंची झोप उडाली ती यामुळे. पुस्तकात नसलेलं पुस्तकाच्या नावावर खपवणारा दिग्दर्शक जर संस्कृतीचा मारेकरी, तर मग त्या कोण? दुकानात मॅडम, घरी वन्सं, आणि बाकी जगात जो काही मान होता तो त्या चार हजारांत. तो एका खेकड्यावर उभा होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्या स्वतःशीही चोरूनच बोलायच्या. आयुष्यात एकच ओळ त्यांना बरी जमली होती, आणि ती त्यांची नव्हती.

त्यातच डॉक्टरांनी डाव टाकला. कादंबरीचे लेखक हयात होते. अठरा वर्षं त्यांनी काही लिहिलं नव्हतं, कुंडीतल्या झाडांविषयीचं एक सदर सोडून. डॉक्टरांनी त्यांचा पत्ता काढला आणि रविवारी सकाळी दवाखान्यात बैठक ठेवली. लेखकांनी स्वमुखाने सांगायचं की ओळ माझी, आणि मग एका निषेधपत्रावर सही करायची. पत्र दिग्दर्शकाला. ताईंनी बैठकीचं अध्यक्षपद घ्यायचं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर भाची दुकानात आली. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, असं तिचं म्हणणं. ताईंनी बारका पेचकस घेतला. स्क्रू घट्ट होता.

"मी वाचलं पुस्तक," भाची म्हणाली. "पाचही खंड."

ताई चार दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. "मग? आहे का तो रडायचा प्रसंग त्यात?"

"नाही. पण डॉक्टरकाकांच्या हातावरची ओळपण नाही."

ताईंनी पेचकस खाली ठेवला. आवृत्त्या वेगवेगळ्या असतात, पानं मागेपुढे होतात, जुन्या छपाईत काय काय गळून जातं, असं त्या बराच वेळ सांगत राहिल्या. भाचीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी तिथे ओळ होती, ती काढून त्यांनी खेकडा बसवला?"

ताईंनी काउंटरवरची एक लेन्स उचलली, पुसली. स्वच्छ होती ती. परत पुसली.

"तू लिहिलीस," भाची म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

"तुला कसं कळलं?"

"बाबा जेवायला बसले की तू वाढतेस, आई बसली की तू वाढतेस, आणि तू बसलीस की म्हणतेस, मला नको कुणी विचारायला. ओळ त्याच तोंडची वाटते."

ताईंनी लेन्स खाली ठेवली. म्हणाल्या की आता अकरा वर्षांनी सांगायचं तरी कसं.

"तोंडाने," भाची म्हणाली. मग चष्मा घालत म्हणाली, "मला सिनेमात रडू आलं तर तू चार दिवस बोलली नाहीस. का, तर ते पुस्तकात नव्हतं म्हणून. आत्या, मी कुणाला सांगणार नाही. पण मला माहीत असेल."

ती गेली. ताईंनी दुकानाच्या कार्डामागे चार वाक्यं लिहिली आणि रविवारपर्यंत पाठ केली.

रविवारी सकाळी ताईंनी ठेवणीतला पोशाख काढला, तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, दाताच्या दवाखान्यात जाताना एवढं कुणी नटत नाही." भाची दप्तर घेऊन बरोबर निघाली.

दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आणि भिंतीवर उभी चिरलेली एक भली मोठी दाढ. बाहेरच्या खोलीत बारा खुर्च्या, माणसं तीस. लेखक आले. वाळलेले, सौम्य, बाहीला कुंडीतली माती लागलेले. अशा माणसाला साध्या खुर्चीवर बसवणं कुणाच्या मनाला पटेना, आणि दवाखान्यातली सगळ्यात भारी खुर्ची अर्थातच आतली. तेव्हा लेखकांना तिच्यात निजवण्यात आलं आणि मधलं दार सताड उघडलं. मागच्यांना दिसेना, तशी डॉक्टरांनी पायाने कळ दाबली. लेखक हळूहळू दोन वीत वर गेले. टाळ्या झाल्या.

डॉक्टरांनी बाही चढवली, हात त्यांच्यासमोर धरला आणि वाचायला नीट दिसावं म्हणून वरचा दिवा लावला. दिवा लागताच लेखकांनी सवयीने आ केला.

"नाही सर, दात नाही. ओळ," डॉक्टर म्हणाले. "ही आपलीच ना?"

लेखकांनी तोंड मिटलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. खोलीत चूळ भरायच्या भांड्यातलं पाणी तेवढं वाजत होतं. ताईंच्या हातात कार्ड होतं, पण पाठ केलेली चारही वाक्यं कुठे गेली त्याचा पत्ता नव्हता. आता हे म्हणणार, 'नाही, माझी नव्हे', आणि तीस माणसं वळून आपल्याकडे बघणार.

"माझीच," लेखक म्हणाले. "काय छळलं होतं हिने मला. तीनदा खोडली. चौथ्यांदा हीच राहिली."

ते खोटं बोलत होते असं म्हणवत नाही. दिवा डोळ्यांवर, तीस माणसं श्वास रोखून उभी. अशा वेळी चांगली ओळ कुणालाही आपलीच आठवते.

टाळ्या पडल्या, आणि ताईंच्या लक्षात आलं की आपण सुटलो. आता काही बोलायची गरजच नव्हती. मान राहिला, गट राहिला, डॉक्टरांचा हात वाचला. ताईंनी दाराकडे पाहिलं. भाची वजनकाट्यावर उभी होती, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. ती टाळ्या वाजवत नव्हती.

ताई उभ्या राहिल्या. "ती ओळ मी लिहिली आहे," त्या म्हणाल्या.

तीस माणसं वळली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"ताई," ते म्हणाले, "आपण सगळ्यांनीच लिहिली आहे ती."

असा कडकडाट झाला की ट्रेमधली अवजारं किणकिणली. ताई हात हलवून सांगू लागल्या की तसं नव्हे, खरोखरच मी, अकरा वर्षांपूर्वी, दुकानात, दुपारची, लेन्सा पुसत असताना. मागून एकजण म्हणाला की तो तेव्हा बसथांब्यावर होता. एक बाई म्हणाली, ती इस्त्री करत होती. ज्याने त्याने आपापली जागा सांगायला सुरुवात केली. ओळ कोण कुठे लिहीत होतं याची इतकी माहिती एका सकाळी कधी गोळा झाली नसेल.

"अहो, पण पान एकशे सत्त्याऐंशीवर खेकडा आहे," ताई म्हणाल्या. आवाज चढला होता त्यांचा.

आता मात्र लोक चपापले. प्रत्येकाला वाटत होतं, तो खेकडा फक्त आपल्याच घरी आहे. सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"तो मी मुद्दाम ठेवला," लेखक वरून म्हणाले. "ओळ त्याच्या मागे आहे. ज्याला दिसायची त्याला दिसते."

तीस माणसांनी अकरा वर्षांचा कोंडलेला श्वास सोडला. आम्हाला दिसली, आम्हाला पहिल्यांदाच दिसली होती, असं जो तो शेजाऱ्याला सांगू लागला. ठराव झाला की ओळ सिनेमाच्या जाहिरातीवर लेखकांच्या नावासकट झळकली पाहिजे. लेखक म्हणाले, दिग्दर्शकाला ते आजच फोन करतील. अध्यक्षांच्या हृदयस्पर्शी भाषणाबद्दल ताईंचे आभार मानले गेले. मग डॉक्टरांनी कळ दाबली आणि साहित्य सावकाश खाली आलं.

फोटो चालू असताना ताई जिन्यात येऊन बसल्या. भाची मागोमाग आली आणि एक पायरी सोडून बसली.

"सांगितलंस," ती म्हणाली.

"कुणी ऐकलं कुठे?"

"मी ऐकलं ना."

वरून डॉक्टरांचा आवाज येत होता, सगळ्यांनी बाह्या वर करा म्हणून. भाचीने दप्तरातून कादंबरीचा पहिला खंड काढला आणि मागचं एक कोरं पान उघडून ताईंच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, इथे ती ओळ लिही, आणि खाली सही कर. तुझी.

ताई पानाकडे बघत राहिल्या. या कादंबरीवर त्यांनी आजवर पेनची खूणसुद्धा होऊ दिली नव्हती. त्यांनी पर्समधून पेन काढलं. आज ओळ जिथे जायची तिथे आपल्या नावानिशी जाणार होती, एका का होईना पुस्तकात, कायमची. नुसती सही करावी की पूर्ण नाव लिहावं? तारीख आजची घालावी की अकरा वर्षांपूर्वीची? वर चार शब्द भाचीसाठी लिहावेत, असंही मनात आलं. त्यांनी टोपण काढलं आणि पहिलं अक्षर टेकवणार, इतक्यात भाचीने मनगट धरलं.

"आत्या, पेन्सिलीने लिही ना. वाचनालयाचं आहे, उद्या परत द्यायचंय."